रेशमात रुतलेली मान

नवऱ्याच्या मारेकऱ्याकडून काम घ्यावं लागणं, यासारखी शिक्षा नाही. सूछिन ती दहा वर्षं भोगत होती, आणि वर हसतही होती. पेकिंगमधल्या ल्यूलीछांग गल्लीत जुन्या वस्तूंची जेवढी दुकानं, तेवढ्यांना पेट्या तिच्याच लागत. बाहेरून निळं कापड, आतून रेशीम, आणि कापूस ठासून वस्तूच्या अंगाबरहुकूम केलेली गादी. तो मारेकरी, दुकानदार ताओशेठही तिलाच बोलवायचा. विधवेला काम देतो म्हणून चारचौघांत मिरवायचाही, मेला.

पूर्वी हे काम तिचा नवरा पेइशान करायचा. गल्लीचा नियम शेंबड्या पोरालाही माहीत होता: चिनीमातीची वस्तू हातातून हातात द्यायची नाही. एकानं टेबलावर ठेवायची, हात काढून घ्यायचे, मग दुसऱ्यानं उचलायची. फुटलीच तर कोणाच्या हातात फुटली याचा वाद नको. त्या दिवशी भरल्या दुकानात ताओनं एक वाडगा पेइशानपुढे नुसताच धरला. शेठ स्वतः देतोय, त्याला ‘खाली ठेवा’ कसं म्हणायचं? भिडेपोटी पेइशाननं हात पुढे केले आणि वाडग्याचे दोन तुकडे झाले. वाडगा आधीच तडकलेला होता; ते नुकसान ताओला दुसऱ्याच्या माथी मारायचं होतं. पेइशान तसं म्हणालाही, पण ताओ छाती बडवून ओरडत होता, त्यात त्याचं कोण ऐकणार? त्यानंतर गल्लीत कोणी त्याच्यासमोर साधी दौतसुद्धा ठेवली नाही. ज्याला वस्तू हाताळू देत नाहीत, तो पेट्या कशाच्या करणार? दोन हिवाळ्यांत तो झिजून गेला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

विधवेच्या पोटावर पाय द्यायची गल्लीला लाज वाटली, म्हणून सूछिनला काम मिळालं. ‘फुटक्या हाताचं घर’ हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

त्या हिवाळ्यात ताओनं तिला एका फुलदाणीचं माप घ्यायला बोलावलं.

“वहिनी, हात नका लावू हं. मीच धरतो,” तो दात काढत म्हणाला. “तुमच्या घरचे हात ठाऊक आहेत आम्हाला.”

“धरा की,” सूछिन म्हणाली. तिनं कागदाची पट्टी फुलदाणीच्या पोटाभोवती गुंडाळली, मग मानेभोवती. पट्टी सारखी करताना बोट लागलं. चिनीमाती गार असते, आणि पोट होतंही गार. मानेच्या मुळाशी मात्र बोटभर पट्टा कोमट, चिकटसर लागला. वर रंग होता, आणि रंगाखाली सरस. मान तुटलेली होती.

“मान जरा खोल रुतू द्या,” ताओ म्हणाला. “वर पोटच दिसलं पाहिजे. नाजूक आहे हो फार.”

“नाजूक आहे खरी. तुम्ही म्हणाल तेवढी खोल रुतवते. पण एवढी घाई कोणासाठी?”

“रोंगसाहेब येणार आहेत चार दिवसांनी. त्यांनी माझ्याकडून एक वस्तू उचलली, की शहरातली सगळी बडी घरं माझ्या दारात!”

बादशहा जाऊन दहा वर्षं झाली तरी जुन्या दरबारातल्या पारखी रोंगसाहेबांचा शब्द त्या गल्लीत अजून बादशाही होता. ज्या दुकानाला ते पाठ दाखवत, तिथे माश्यासुद्धा बसत नसत. सूछिन घरी गेली ती जवळजवळ धावतच.

खळ पुरती वाळल्याशिवाय पेटीत वस्तू ठेवायची नाही, हे पेइशाननं तिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. या पेटीत तिनं मानेच्या खाचेत दुप्पट कापूस ठासला आणि त्यावर खळीचा जाड थर ओलाच ठेवला. वर रेशमाचे दोन पदर घेतले, म्हणजे हाताला कोरडं लागावं. धड भांडं अशा गादीत वर्षभर राहिलं तरी त्याचं काही वाकडं होत नाही. सरस मात्र ओलीनं सुटतो. टाका घालताना ती दर टाक्याला पुटपुटत होती, “मुडदा बशिवला तुझा!” तिला लाज वाटली नाही, आणि का वाटावी?

दोन दिवसांनी ताओनं स्वतःच्या हातांनी फुलदाणी पेटीत निजवली, मान दाबून बसवली आणि झाकण मिटून हाडाच्या खुंट्या लावल्या.

रोंगसाहेब आले त्या दिवशी सूछिनही हजर होती. गादीत काही खोट निघाली तर जागच्या जागी सुधारायला पेटीवालीला बोलवायचा रिवाजच होता.

“पेटी झकास आहे,” साहेब म्हणाले. “काढ बाई, ठेव टेबलावर.”

“नको साहेब. आमच्या घरचे हात फुटके, असं शेठच म्हणतात.”

“मी काढतो ना!” ताओ पुढे सरसावला. त्यानं पोटाला दोन्ही हात घातले आणि उचललं. पोट वर आलं. मान रेशमातच राहिली.

“हिनं केलं!” ताओ किंचाळला. “या रांडेनं पेटीत काहीतरी केलंय!”

“मी भांडं कधी उचललंसुद्धा नाही,” सूछिन म्हणाली. “आत्ता ते कोणाच्या हातात आहे, शेठ?”

रोंगसाहेबांनी पेटीतली तुटकी मान उचलली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. तपकिरी सरसाची तार निघाली. “ही आज तुटलेली नाही,” ते म्हणाले, आणि सूछिनकडे वळले. “तुला माहीत होतं?”

“होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“माझा नवरा बोलला होता साहेब, याच दुकानात. तेव्हा कोणी ऐकलं?”

साहेबांना गल्लीभर गाजलेला तो वाडगा आठवला. ते ताओकडे बघत राहिले. “त्या वाडग्याचं खरं सांग. नाहीतर ही मान घेऊन मी आत्ता गल्लीतल्या प्रत्येक दुकानात जातो.”

“आधीच… तडा होता त्याला,” ताओ पुटपुटला.

सूछिनच्या पोटात दहा वर्षं पेटलेलं होतं, ते एवढ्याशा पुटपुटण्यानं कसं विझावं? तिनं उठून दाराचा जाड पडदा सर्रकन बाजूला ओढला. समोरच्या पायरीवर दुकानदार ऊन खात बसले होते.

“इकडे तोंड करून बोला,” ती म्हणाली. “नाव घेऊन बोला. यिन पेइशान.”

ताओ बोलला. समोरच्या बहिऱ्या म्हाताऱ्याला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून तिनं त्याला पुन्हा बोलायला लावलं.