पंपाचं सील

आमच्या घरात देव्हाऱ्यानंतर मान कुणाचा, तर ट्रकच्या डिझेल पंपाला कंपनीनं लावलेल्या शिशाच्या सीलचा. माझा नंबर त्यानंतर कुठंतरी लागत असेल, मी कधी विचारलं नाही.

हा ट्रक भूकंपानंतर आला. किल्लारीकडची गावं नव्यानं उठत होती, वाळू-सिमेंट वाहायला गाड्या पुरत नव्हत्या, आणि आमच्या वर्षाचे आप्पा, म्हणजे आमचे मालक, दुसऱ्याच्या गाडीवरून उतरून स्वतःच्या गाडीवर बसले. तीही टर्बोची. चाकुरात तेव्हा टर्बोचं लई अप्रूप होतं. माहेरी मुखेडला जाऊन मी सांगितलं, तर आईनं विचारलं, "पण बसायला जागा हाय का त्यात?"

टर्बो म्हणजे काय, हे मी संसारात इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, मग डिझेल जास्त जळतं आणि गाडी जास्त ओढते. कोंबलेल्या हवेचा दाब दाखवणारा काटा यांनी नांदेडहून आणून रेणुकामातेच्या फोटोशेजारी बसवला. भरल्या गाडीनं चढावर काटा पंधरापर्यंत जायचा आणि तिथंच थांबायचा. पंपाचं सील तोडून आतला स्क्रू फिरवला की डिझेल वाढतं, काटा वीसच्या पुढे पळतो आणि गाडीही. चाकूरच्या ट्रकअड्ड्यावर जवळजवळ सगळ्यांनी फिरवून घेतला होता. यांनी नाही. दसऱ्याला हे आधी बॉनेट उघडून त्या सीलला हळदकुंकू लावायचे आणि मग चाकांखाली लिंबं ठेवायचे. अड्ड्यावरचे लोक आमच्या ट्रकला भुजंगरावाची बैलगाडी म्हणत. हे हसून सोडून द्यायचे. माणूस समाधानी आहे, फक्त एका बाबतीत नाही.

ती बाब म्हणजे वर्षाराणी, आमची एकुलती लेक. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून तिला लातूरला ठेवलं. पहाटे एक क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी दुसरा क्लास. बारावीच्या दिवाळीला घरी आली आणि चकलीचा सोऱ्या हातात धरूनच भिंतीला टेकून झोपली. ताटातलं अन्न निम्मं राहायचं. मी केस विंचरले तर फणी भरून केस आले. ती फणी मी यांच्यापुढं धरली.

हे म्हणाले, "तेल बदल."

आणि दिवाळीनंतर तिला तिसरी, रात्रीची बॅच लावायचं यांनी ठरवून टाकलं. मी सरळ नको म्हटलं.

"समदेच करून राहिलेत सिंधु, आपणच मागं राहायचं का?" यांनी विचारलं, आणि विषय संपला.

वर्षा तर बोलतच नाही, बापावर गेलीय. मी माझ्या आईवर गेलेय, पण माझं कोण ऐकतं. सगळा राग मी शंकरपाळ्यांवर काढला. लाटून लाटून त्या वर्षी त्या कागदासारख्या झाल्या.

भाऊबीज झाल्यावर तिला सोडायला आम्ही ट्रकनंच निघालो. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन उतरवायचं आणि तिथून क्लासला जाऊन रात्रीच्या बॅचला नाव घालायचं, असा बेत होता. वर्षा खिडकीशी, मी मध्ये. ती पुस्तक उघडून बसली होती, पण पान काही उलटत नव्हतं.

आष्टामोडच्या अलीकडच्या चढाला बसवंत रस्त्यात उभा दिसला. बसवंत म्हणजे अड्ड्यावरचा सगळ्यात तोंडाळ माणूस. नुकताच त्यानं स्क्रू फिरवून घेतला होता, आणि आम्हाला मागं टाकताना दर वेळी हात हलवून दाखवायचा. आज त्याच्या गाडीतून वाफ निघत होती. यांनी उतरून ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं.

"गॅसकेट गेलं," हे म्हणाले. "पाणी ऑइलात शिरलंय. बस गाडीत, लातूरहून मिस्त्री आणू."

बसवंतचा भाऊ गाडीपाशी थांबला आणि बसवंत केबिनमध्ये आमच्या मागच्या फळीवर येऊन बसला. झालं. इतकी वर्षं बैलगाडी ऐकून घेतलेल्या माणसाला ऐकणारा मिळाला, आणि तोही उतरून जाऊ न शकणारा.

"काटा बसवला होतास का?"

"न्हाई."

"मग किती कोंबून राहिलास, तुला कळावं कसं?"

"समद्यांनीच फिरवलाय भुजंगराव," बसवंत कुरकुरला. "आपणच मागं राहायचं का?"

मी यांच्याकडं पाहिलं. हे वाक्य मी नुकतंच ऐकलं होतं, तेही आमच्याच ओसरीवर. यांना मात्र त्याचं काहीच वाटलं नाही. हे रंगात आले होते.

"आरं, पिस्टन, गॅसकेट, हेडचे बोल्ट, समदं कंपनीनं एका हिशोबानं घडवलंय. तू हवा वाढवलीस, डिझेल वाढवलंस, पण आतले भाग तर तेच राहिले ना? पहिल्यांदा गाडी लई पळती, तिथंच माणूस फसतो. आत किती तापून राहिलंय ते काटा बी सांगत न्हाई, तो निस्ता हवा दावतो. ही जास्तीची ताकद फुकट येत न्हाई बसवंता. त्या भागांच्या आयुष्यातूनच कापून घेतलेली असती."

"पण पळवायचीच असंल तर?"

"तर आतलं समदं बदल. ते जमत नसंल तर हाय तशी चालव. कंपनी फिटिंग हाय, तिचा मान ठेव."

वर्षा खिडकीबाहेर बघत होती. तिनं पुस्तक मिटलं.

"आप्पा," ती म्हणाली, "मी बी कंपनी फिटिंगच हाय की."

रागानं नाही, रडूनही नाही. सोयाबीन किती पोती आहे असं सांगावं, तसं म्हणाली. यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला आणि रेणुकामातेशेजारचा काटा खाली शून्यावर आला. मागून कोणीतरी हॉर्न देत पुढे गेलं. मी तिच्या मांडीवरचं पुस्तक उचलून माझ्या पिशवीत ठेवलं.

मागच्या फळीवरून बसवंतच म्हणाला, "पोरगी खरं बोलली, भुजंगराव."

मोंढ्यात सोयाबीन उतरलं, बसवंत मिस्त्री शोधायला गेला. यांनी ट्रक क्लासकडं वळवला. क्लासमध्ये सरांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि रात्रीच्या बॅचला नाव घालू का म्हणून विचारलं.

"सर, सील तोडायचं न्हाई," हे म्हणाले.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. रात्रीची बॅच नको, असं मी समजावून सांगितलं.

"बघा," सर म्हणाले, "आत्ता जरा ताण दिला तर नंबर वर जाईल."

"हाय त्यात चांगली पळती सर." मग हे वर्षाकडं वळले. "बाकीचे दोन बी बंद करायचे का?"

वर्षानं विचार केला. "पहाटेचा राहू द्या आप्पा, तो मला आवडतो. संध्याकाळचा नको." ती इतकं बोलते हे आम्हाला दोघांनाही नवीन होतं.

तिला खोलीवर सोडायला निघालो, तर पहिल्याच वळणावर ती झोपली. माझ्या खांद्यावर डोकं, तोंड किंचित उघडं, लहानपणी झोपायची तशी. यांनी एका कडुलिंबाखाली ट्रक लावला, इंजिन बंद केलं आणि आवाज न करता खाली उतरले. मी तिच्या डोक्याखाली पिशवी सरकवली आणि मीही उतरले. रस्त्यावरून पोरं-पोरी सायकलींवर एका क्लासमधून दुसऱ्या क्लासला चालली होती. मी शंकरपाळ्यांचा डबा उघडला. यांनी एक तोंडात टाकली.

"लई पातळ झाल्यात."

"हो, राग होता."

हे चघळत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सिंधु, त्या फणीत लई केस होते का गं?"

"लई होते."

तेवढ्यात एक टेम्पो हॉर्न वाजवत आला. हॉर्नशिवाय ज्यांना चाकूरची गल्लीसुद्धा ओलांडता येत नाही, ते आमचे मालक दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"हळू जा बाबा," ते म्हणाले, "माझी लेक झोपलीय."