दिनानाथांचा कान

"मामा, आता शेवटचं सांगा. आउटपुटचं मॉड्यूल रिलेचं घ्यायचं की ट्रान्झिस्टरचं?" लावण्यानं कॅटलॉग त्यांच्यापुढे सरकवला.

"ट्रान्झिस्टरचं," दिनानाथ उपळेकर म्हणाले. इतक्या झटकन म्हणाले की तिनं मान वर करून पाहिलं.

चेन्नईजवळच्या अंबत्तूरच्या त्या कारखान्यात खाद्यतेलाचे डबे भरले जात. लाइन चालवायला माणूसभर उंचीचं जुनं पॅनेल होतं, रिलेंनी, म्हणजे ठोका देत उघडमिट करणाऱ्या विजेच्या स्विचांनी, गच्च भरलेलं. ते काढून त्या जागी पीएलसी, म्हणजे लाइन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, बसवायचा होता. दोन हजार चार साल. शेजारच्या बहुतेक शेडमध्ये तो येऊन जुनाही झाला होता. इनपुटची मॉड्यूलं ठरली, टाकीच्या तापमानासाठी एक ॲनालॉगचं ठरलं, पुढेमागे लागतील म्हणून काही जागा मोकळ्या ठेवायच्या तेही ठरलं. घोडं अडलं होतं ते वाल्व्हांना हुकूम देणाऱ्या आउटपुटवर.

"अवो मामा, असं कसं? आपले वाल्व्ह दोनशेतीस व्होल्टचे. ट्रान्झिस्टर चोवीसचाच. मग परत एकेका वाल्व्हाला बाहेर वेगळं रिले लावायचं? आणि वाल्व्ह तरी किती सावकाश चालतात! रिलेचंच बरं की."

लावण्या तंजावरच्या जुन्या मराठी घरातली. इंजिनिअर होऊन नुकतीच आलेली. बाकी शेडशी तमिळ आणि दिनानाथांशी तेवढी घरातली मराठी, तीही तमिळ हेल काढून.

"रिले झिजतं गं. हलणारं काही नसलेलं बरं."

"कळलं मला. मला नवं पाहिजे असेल असं वाटून तुम्ही आपलं मन मारता. नको मामा. मी रिलेचंच मागवते. टिक्‌टिक् वाजत राहील, तुम्ही ऐकत राहा. सरी, चालेल ना?"

आता या पोरीला काय सांगणार? दिनानाथांना तीच टिक्‌टिक् नको होती.

त्यांचा कान अख्ख्या शेडमध्ये प्रसिद्ध होता. लाइन अडली की लोक ड्रॉइंग उलगडायच्या आधी त्यांना बोलावत. ते पॅनेलसमोर डोळे मिटून उभे राहत आणि म्हणत, "खालच्या रांगेतलं ते कडेचं. अडखळतंय." नवा साहेब आला की त्याला हा खेळ एकदा दाखवलाच जाई. दिनानाथांनाही तो आवडे. आवडणारच! माणसाला एवढं एक काहीतरी स्वतःचं लागतं.

पण गेली काही वर्षं कान गेला होता. आधी बारीक आवाज गेले, मग बायकोचा गेला. शेडमध्ये कुणाला पत्ता नव्हता, कारण डोळे मिटून उभे राहताना दिनानाथ पॅनेलच्या दारावर हात टेकत. जुनी रिले दणकट. त्यांचा ठोका पत्र्यातून बोटांना कळे. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडली तर पुढचं ठरलेलं होतं. ज्याला हाक ऐकू येत नाही त्याला चालत्या लाइनजवळ उभं करायचं नाही, हा कारखान्याचा नियम. तो चुकीचाही नव्हता. मग निवृत्तीपर्यंत स्टोअरच्या खिडकीत बसून नटबोल्ट द्यायचे. नवं मॉड्यूल तर जेवणाच्या डब्याएवढं. त्यातल्या इवल्याशा रिलेचा ठोका बोटांना कसा लागणार? ट्रान्झिस्टर गप्प असतो. तो असता तर "ऐका" असं कुणी म्हटलंच नसतं.

आवडी या जवळच्याच उपनगरातल्या घरी त्यांची बायको, कुमुदिनीबाई, रोज तेच म्हणत. आता तर समोर येऊन, ओठ सावकाश हलवत म्हणाल्या, "अहो, ते कानाचं मशीन घेऊन या ना एकदा. सगळे लावतात."

"मशीनवाल्यालाच मशीन लागलं, असं म्हणू दे होय सगळ्यांना?"

"म्हणू देत. मी दार वाजवून वाजवून दमते. परवा गॅसवर दूध उतू गेलं, मी आतून ओरडत होते, तुम्ही पेपर वाचत होतात."

दिनानाथांनी पेपर वर धरला. भांडण संपवण्याची त्यांची ही नवी रीत होती.

नव्या पॅनेलची चाचणी एका शुक्रवारी सकाळी ठेवली. मॅनेजर आले. जुना फिटर पद्मनाभ आला, पॅकिंगच्या बायकाही येऊन उभ्या राहिल्या. लावण्यानं मुद्दाम कॉम्प्रेसर बंद करवला, पंखे बंद करवले.

"आज मामा ऐकतील," ती सगळ्यांना तमिळमध्ये म्हणाली. किती कौतुकानं म्हणाली ती! मग त्यांच्याकडे वळून मराठीत, "मी एकेक आउटपुट देते हां. तुम्ही सांगा."

दिनानाथांनी मॉड्यूलजवळ कान नेला. डोळे या वेळी मिटले नाहीत. तिरपी नजर मॉड्यूलवरच्या बारक्या हिरव्या दिव्यांवर ठेवली. तिनं लॅपटॉपवर बटण दाबलं. पहिला दिवा लागला.

"वाजलं," दिनानाथ म्हणाले. "पुढचं."

दुसरा लागला. "वाजलं." तिसऱ्याला ते नुसते मानेनं हो म्हणाले. मग धीर आला. शेवटचा दिवा लागल्यावर ते सरळ उभे राहिले आणि मॅनेजरांना ऐकू जाईल अशा आवाजात तमिळमध्ये म्हणाले, "सगळी ठणठणीत आहेत. एकेक कसं स्वच्छ वाजतंय!"

कुणी टाळी वाजवली नाही. दिनानाथांनी वळून पाहिलं. पद्मनाभ जमिनीकडे बघत होता. पॅकिंगच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. लावण्याचं बोट बटणावर तसंच राहिलं होतं आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

एकही रिले वाजलं नव्हतं. मॉड्यूलमधल्या रिलेंना चोवीस व्होल्टची वेगळी वायर द्यावी लागते, ती द्यायची राहून गेली होती. दिवे आतल्या विजेवर लागतात, रिले त्या वायरीवाचून हलत नाहीत. पंखे बंद असलेल्या शेडमध्ये दाराबाहेरच्या चहावाल्यालाही कळलं असतं की काही वाजलेलं नाही.

लावण्या उठली. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिनं वायर जोडली. मग दिनानाथांच्या समोर, अगदी तोंडासमोर येऊन उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "मामा, एक वायर राहिली होती. माझी चूक."

घरी कुमुदिनी जशी ओठ हलवते, तशीच ती बोलली होती. दिनानाथांना भर उजेडात उघडं पडल्यासारखं झालं. "तुझी नाही गं," ते म्हणाले.

मॅनेजर चांगला माणूस. त्यानं तिथल्या तिथे काही म्हटलं नाही. फक्त जाताना पद्मनाभला बाजूला घेऊन बोलला आणि दोघांनीही एकदा इकडे पाहिलं.

दुपारपर्यंत लाइन सुरू झाली. चहाच्या वेळेला पद्मनाभ नेहमी शेडच्या त्या टोकावरून हाक मारायचा, "उपळेकर सार, टी!" म्हणून, आणि दिनानाथ घड्याळाच्या अंदाजानं हात वर करायचे. त्या दिवशी पद्मनाभनं हाक मारली नाही. तो कन्व्हेयरला वळसा घालून सबंध शेड चालत आला, त्यांना दचकायला होऊ नये म्हणून आधी समोर उभा राहिला, आणि मग त्यानं खांद्याला हात लावून, बोटांनी ग्लास धरल्याची खूण केली.