मामाचा खांदा

आमच्या गुरुमूर्तीला लाज म्हणून नाहीं. सोयरे घरीं आलेले, कीर्तीच्या लग्नाचीं बोलणीं चाललेलीं, आणि हा त्रेपन्न वर्षांचा घोडा पोटावर हात फिरवत त्यांना सांगतो, "काय करणार, आमच्या अम्माच्या हातचें तूप! तिनेंच हें वाढवून ठेवलें."

सगळे हसले. मी नाहीं हसलें. पांचवीनंतर माझी शाळा सुटली, पण पंचावन्न वर्षें या घराची चूल मी सांभाळली आहे. चार माणसांत पोटच्या पोरानें पोट दाखवून माझ्या तुपाला नांवें ठेवावींत!

बरें, पोट वाढलें तर वाढो. पण कीर्ती माझ्या लेकीची, सरोजाची, मुलगी. आम्हां मराठी लोकांना या तमिळ मुलखांत येऊन तीनशें वर्षें झालीं. इथली माळांची गंमत आमच्याही लग्नांत आली. नवरीला तिचा मामा खांद्यावर उचलतो, नवऱ्याला त्याचा मामा, आणि तशीं उंचावरून दोघें एकमेकांच्या गळ्यांत माळ घालतात. सरोजाला भाऊ एकच. तोच हा.

सोयरे गेल्यावर तो हळूच म्हणाला, "अम्मा, मला जिना चढतांना धाप लागते. कीर्तीला स्टुलावर उभी करूं कां? आतां चालतें तसें."

"मामा मेलेल्या मुली स्टुलावर उभ्या राहतात," मी म्हटलें.

कीर्ती तिथेंच फिल्टरची कापी पीत बसली होती. ती दवाखान्यांत लोकांच्या गुडघ्यांना, पाठींना व्यायाम शिकवते. ती उठली, आंतून पंचवीस किलो तांदळाचें पोतें ओढत आणलें. "मामा, मी चोपन्न किलो आहें. आधीं हें उचला बघूं."

त्यानें पोतें गुडघ्यापर्यंत आणलें, "ऐयो" म्हणाला आणि पोत्यासकट खालीं बसला. माझी सून विजयलक्ष्मी पाणी घेऊन धांवली. "अम्मा, त्यांना कांहीं झालें म्हणजे?"

"त्याला काय होतें? पोतें फाटलें नाहीं ना, तें बघ."

कीर्ती मामाच्या शेजारीं बसली. "आज्जी, मामांना रागावूं नका. तिशी उलटली कीं माणसाच्या अंगांतलें जोराचें मांस थोडें थोडें झडायला लागतें. वापरलें नाहीं तर जास्तच. तें मांस बसल्याबसल्याही जेवण जाळत असतें. तें कमी झालें आणि जेवण तेवढेंच राहिलें, तर उरलेलें कुठें जाणार?" असें म्हणून तिनें मामाच्या पोटांत बोट खुपसलें. "एकट्या तुपाचा दोष नाहीं."

"एकट्या? म्हणजे थोडा आहे?" मी विचारलें.

पोरगी हसत आंत पळाली.

दुसऱ्या दिवशीं मी ओट्यावर बसून गुरुमूर्तीवर पाळत ठेवली. कोपऱ्यावरून वर्तमानपत्र आणायला स्कूटर. देवळाला स्कूटर. ऑफिसला स्कूटर, आणि तिथें वर जायला लिफ्ट आहे, हें तोच सांगतो. पंचविशींत हाच दूर तिरुप्पनंदाळच्या शाळेंत शिकवायला रोज सायकलनें जात असे, आणि निघण्याआधीं विहिरीचें पाणी ओढून न्हाणीघर भरत असे. आतां पाणी मोटर ओढते. मला फार आनंद झाला. तुपाचा खटला जिंकलें, असें वाटलें.

त्याच आनंदांत भात लावायला गेलें. पितळेच्या मापानें अर्धी पडी तांदूळ मोजले आणि हात थांबला. हें माप सासूबाईंनीं घालून दिलेलें, घरांत सहा माणसें होतीं तेव्हांचें. आतां आम्ही तिघें. विजयलक्ष्मी चिमणीसारखी खाते, माझें रात्रीं एक दोसै. मग राहिलेला भात रोज जातो कुठें? पातेलें घेऊन मीच तर त्याच्या पानाशीं उभी असतें : "एवढासाच उरला आहे रे, संपव. अन्न टाकूं नये." आणि तो मुकाट्यानें संपवतो. आईच्या शब्दाबाहेर नाहीं ना!

हें मी कोणाला सांगितलें नाहीं. कां सांगूं? माप मात्र निम्में केलें. स्कूटरची चावी कमरेला खोंचली.

"अम्मा, चावी?"

"पाय दिलेत देवानें, त्यांना चावी लागत नाहीं."

सहा आठवडे तो चालत ऑफिसला गेला. संध्याकाळीं कीर्ती येऊन त्याला भिंतीशीं उठाबशा काढायला लावी. मग दहा किलोचें पोतें, मग पंधरा, मग तें पंचवीसचें, शेवटीं तसलीं दोन. तो आम्हां दोघींना तमिळमध्यें शिव्या घालत असे, कारण मराठींत शिव्या घातल्या तर मी डोळे वटारून बघतें. एकदां भजीचा वास घेऊन घरीं आला आणि म्हणाला, रस्त्यावरून चालतांना वास लागतो अंगाला! पोट थोडेंसेंच उतरलें. कीर्ती म्हणाली, पोटाला वेळ लागेल, पाय तयार झाले कीं पुरे.

लग्नाच्या दिवशीं मंडपांत सनईसारखें नागस्वरम् वाजूं लागलें. नवऱ्याचा मामा रंगा अगदीं काडीसारखा. गुरुमूर्तीच्या पोटाकडे बघून तो मिशीत हसलेला मी पाहिला. त्यानें भाच्याला उचलायला हात घातला आणि दोघेही आडवे! मग चार पोरांनीं मिळून नवऱ्याला वर धरलें. वजन नसलें म्हणजे जोर असतो, असें थोडेंच आहे?

गुरुमूर्ती वांकला. कीर्ती खांद्यावर बसली. उठतांना त्यानें एक हात जमिनीला टेकला. मी सरोजाचा दंड इतका दाबला कीं ती ओरडली. मग तो उभा राहिला. सरळ! नवऱ्यानें माळ पुढें केली तर हा भाचीला घेऊन हूल देत दोन पावलें मागें सरला, मंडपभर हशा. तीन वेळां माळा झाल्या, तेव्हांच त्यानें तिला उतरवलें.

पंगतीला तो छाती काढून माझ्यासमोर बसला. वाढप्यानें भात वाढला, त्यानें आणखी वाढायला खूण केली आणि मला म्हणाला, "बघितलेंस ना अम्मा? झालें काम. आतां चावी दे."

सोयरे ऐकत होते. ऐकूं देत.

"गुरु," मी म्हटलें, "हें पोट तुझ्या वयानें एकट्यानें केलें नाहीं. तूं अंगमेहनत सोडलीस, मी भात कमी केला नाहीं. निम्मा गुन्हा माझा. तो मी आज सर्वांसमोर कबूल केला, पुन्हा विचारायचें नाहीं. निम्मा तुझा. दुसऱ्यांदा भात घेऊं नकोस आणि चावी मागूं नकोस. सरोजाची धाकटी आतां बारावीत आहे. तिला उचलायचें आहे, तोंवर चालत जा."