डिसइंटरेस्टेड भावोजी

वडील गेले आणि लाँड्रीच्या मागच्या खोलीवरून दोघी बहिणींचं फाटलं. थोरलीला तिथे धुलाईचं मोठं मशीन बसवायचं होतं, धाकटीला कपडे दुरुस्तीचं काम सुरू करायचं होतं. पुढच्या दुकानात दोघी पाठीला पाठ लावून इस्त्री करायच्या आणि गिऱ्हाइकाच्या आडून एकमेकींना टोमणे मारायच्या.

शेवटी धाकटीच्या हट्टामुळे मावसबहिणीच्या नवऱ्याला मध्यस्थ म्हणून बोलावलं. हे भावोजी इंग्रजीचे प्राध्यापक. नोकरीतून निवृत्त झाले होते, शिकवण्यातून नाही. दवाखान्यात सलाइन लावलेल्या माणसाचंही व्याकरण सुधारून आलेला हा गडी! थोरलीच्या तो पहिल्यापासून डोक्यात जायचा.

आल्या आल्या त्यांनी गिऱ्हाइकांची खुर्ची बळकावली.

"बरं झालं आलात," धाकटी म्हणाली. "तुम्ही अनइंटरेस्टेड आहात, म्हणून न्याय नीट कराल."

"अरे देवा!" भावोजींनी कपाळाला हात लावला. "अनइंटरेस्टेड म्हणजे ज्याला गोडीच नाही, जो कंटाळलाय. डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचा स्वार्थ नाही, पण कान उघडे आहेत. मी डिसइंटरेस्टेड! सगळे अडाणी दोन्ही एकच समजतात."

धाकटी अशी अडाणी ठरल्यावर थोरलीने आपली बाजू मांडली. मशीन केवढं, पाणी कुठून घेणार, सांडपाणी कुठे जाणार. भावोजींनी जबडा दुखेल अशी जांभई दिली. धाकटी बोलायला लागली तेव्हा त्यांची हनुवटी छातीला टेकली होती. उघडे कान घोरायला लागले.

"शिवाय त्या खोलीला मागच्या गल्लीतून वेगळं दार आहे..." धाकटी म्हणाली.

भावोजी टक्क जागे झाले. "वेगळं दार? उजेड कसाय? आठ-दहा बाकं मावतील?"

"बाकं कशाला?"

"ते सोड. माझा निकाल ऐका. वाद मिटेपर्यंत खोली कुणाचीच नको. किल्ली तटस्थ माणसाकडे द्या, म्हणजे माझ्याकडे. रिकामी पडून तरी काय होणार? मी तिथे क्लास घेईन."

थोरलीने इस्त्री बाजूला ठेवली. दोन शब्दांतला फरक तिला आता लख्ख कळला. दाराचा विषय निघेपर्यंत हा माणूस अनइंटरेस्टेड होता. आणि डिसइंटरेस्टेड? सात जन्मांत नाही.

"भावोजी, आमचा वाद कधीपर्यंत मिटावा म्हणता?"

"घाई कशाला?"

धाकटी फस्सकन हसली. "उठा," ती म्हणाली, "खुर्ची गिऱ्हाइकांची आहे."

भावोजी कृतघ्नपणावर बरंच बोलले, आणि जाता जाता दुकानाच्या पाटीवरचं स्पेलिंग चुकलंय असंही सुनावून गेले.

बहिणी काही गळ्यात गळे घालून रडल्या नाहीत. खोलीत मधोमध पडदा लावून दोघींनी आपापलं काम सुरू केलं. तो पडदा कुणी कुठे सरकवला यावरून रोज खटके उडतात, आवाज गल्लीपर्यंत जातो. "मध्ये कुणाला तरी घालू या का?" असं मात्र थोरलीही म्हणत नाही आणि धाकटीही नाही.