सुतळीचा वळ

धाकटीच्या नवऱ्याला सीताफळाबद्दल सगळं माहीत होतं, फक्त त्याचं फूल किती वाजता उघडतं तेवढं सोडून. तीन दिवसांचं शिबिर करून आला होता गडी. गळ्यात अजून त्या शिबिराचं ओळखपत्र लटकत होतं, आणि बोलणं असं की जणू सीताफळ यानंच जन्माला घातलं.

थोरली मनात म्हणायची, डोंबलाची अक्कल! वीस वर्षं ती पहाटे पाचला बागेत जात होती. आदल्या संध्याकाळी पुरत्या उमललेल्या फुलांतले पराग डबीत झाडून ठेवायचे, आणि पहाटे अर्धवट उघडलेल्या फुलांत तेच ब्रशनं चारी बाजूंनी फिरवायचे. ऊन चढलं की फूल काही घेत नाही. एकाच बाजूला ब्रश लागला, तर फळ त्या बाजूला फुगतं आणि दुसरीकडे बसकं राहतं. कंबर मोडणारं काम, आणि शाबासकी कसली? बाबा एवढंच म्हणायचे, "यंदा झाडं बरी लागलीत." जणू झाडं आपली आपणच लागतात.

बाबांची नजर आता पार गेली होती. बाग कुणाच्या तरी नावावर करून मोकळं व्हावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. ऐन बहरात त्यांनी दोघांना बोलावलं.

"वीस झाडं थोरलीची, वीस जावईबापूंची. ज्याची फळं सरस, त्याची बाग."

खुणेसाठी प्रत्येक झाडाच्या कोवळ्या फांदीला त्यांनी स्वतः चाचपत, आवळून गाठ मारली. थोरलीच्या झाडांना सुतळी, जावयाच्या झाडांना नायलॉनची गुळगुळीत दोरी. हाताला कळावं म्हणून.

थोरलीची झोप उडाली. ही बाग गेली तर तिच्याकडे उरत काय होतं? लग्न झालं नव्हतं, वय गेलं होतं ते याच झाडांखाली. जावई मात्र साडेनऊला चहा पिऊन, टोपी घालून निघायचा आणि वेळ टळून गेलेल्या फुलांना ब्रशनं गुदगुल्या करून अकराला परत यायचा. "ताई, पाचला उठणं ही जुनी पद्धत झाली," असंही वर ऐकवायचा. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

चार महिन्यांनी फळं तोडणीला आली, त्यांचे डोळे उघडले. थोरलीची झाडं गोल, टपोऱ्या फळांनी वाकली होती. जावयाच्या झाडांना मोजकीच फळं, तीही कुबडी, एक गाल सुजल्यासारखी. निकालाच्या दिवशी मात्र जावई पाचला उठला. फुलांसाठी जो कधी उठला नाही, तो चाळीस दोऱ्या बदलायला उठला.

बाबा काठी टेकत आले. पहिल्या झाडाला नायलॉन लागलं, आणि खाली ओंजळीत न मावणारं फळ. "वा, जावईबापू!" पुढच्या झाडाला सुतळी, आणि वाकडं फळ. त्यांनी ते दोन्ही हातांत फिरवून पाहिलं. "थोरले, हे काय गं केलंस?"

थोरलीनं बाबांचा हात धरून पहिल्या झाडापाशी नेला, नायलॉन बाजूला सारलं आणि त्यांची बोटं फांदीवर टेकवली. चार महिन्यांत फांदी जाड झाली होती. सालीत सुतळीचा खरखरीत, पिळाचा वळ रुतला होता. बाबांनी तो दोनदा चाचपला. जावई खोकला आणि आभाळाकडे बघू लागला.

"कळलं?" थोरली म्हणाली.

"न कळायला काय झालं? सुतळी मीच बांधली होती. ही गाठही माझी नाही."

"मग?"

"मग काय. बाग जावईबापूंच्याच नावावर करतो. धाकटीचा संसार आहे, गं. आणि तू आहेसच की कामाला. तू कुठे जाणार आहेस?"

थोरलीला हसूच आलं. वीस वर्षं ती जिची वाट बघत होती, ती शाबासकी म्हणे ही! तिनं कमरेची डबी आणि ब्रश काढून जावयाच्या हातात ठेवला.

"घ्या, जावईबापू. फूल पाचला उघडतं. तुमच्यासाठी थांबणार नाही."

समोरची रोपवाटिकावाली बाई तीन वर्षं तिला कामाला बोलवत होती. थोरली त्याच दुपारी ट्रंक घेऊन तिकडे राहायला गेली. धाकटी दारात उभी राहून म्हणाली, "ताई, असं तोडून जातात का?" थोरलीनं ट्रंक दुसऱ्या हातात घेतली आणि चालू लागली.

पुढच्या बहरात बाबा रोज पाचला उठून अंथरुणावर बसायचे आणि बागेतल्या पावलांचा कानोसा घ्यायचे. साडेनऊपर्यंत काही ऐकू यायचं नाही. मग कपात चमच्यानं चहा ढवळल्याचा आवाज यायचा.