ताटातल्या बिया

"चपला नंतर काढ, आधी तोंड उघड," म्हणत सासूबाईंनी सुनेच्या तोंडात एक गरम बी कोंबली.

इस्पितळाच्या धुलाईखान्यातून दमून आलेली सून दारातच थबकली. घरभर खमंग वास सुटला होता. गॅसवरच्या कढईत भोपळ्याच्या बिया होत्या. मधूनच एखादी तडकन उडून ओट्यावर पडत होती.

"कुठल्या बिया या, आई?"

"खिडकीत ताटात वाळत होत्या त्याच. मिठाच्या पाण्यात घोळवल्या, मंद आचेवर भाजल्या. तो गेल्यापासून धड जेवत नाहीस. म्हटलं, एवढं तरी खाशील."

तिच्या दाताखाली बी कुरकुरली.

या घरात एक शिस्त होती. खायच्या बिया ताटात, पेरायच्या राखेच्या डब्यात. ती तिच्या नवऱ्यानेच लावलेली. तो रोपवाटिकेत माळी होता. संध्याकाळी भोपळ्याचं मादीफूल दोऱ्याने बांधायचा, पहाटे ते सोडून त्यावर हवं ते नरफूल फिरवायचा आणि पुन्हा बांधून टाकायचा. उन्हाळाभर न सडणारा भोपळा त्याला हवा होता. "इतकी वर्षं राबून हाती काय, तर भोपळा!" सोबती चिडवायचे. "अरे, तोच तर हवाय लेको!" तो हसायचा. अखेर मनासारखं एकच फळ धरलं, आणि त्याच हंगामात त्याने अंथरूण धरलं. "पेरशील ना गं?" त्याने विचारलं होतं. ती हो म्हणाली होती. तो गेला, आणि मालकाने त्याचा वाफा खणून तिथे गुलाब लावले.

राखेला ओल आली म्हणून तिने सकाळी डब्यातून त्याच फळाच्या बिया काढून धुतल्या. कामावर जायच्या घाईत त्या वाळवायला हाताला लागलं ते ताट घेतलं. सासूबाईंना सांगायचं राहून गेलं.

बी झोपेतसुद्धा श्वास घेते, अगदी हळू, असं तो म्हणायचा.

तिने उलथन्याने कढई ढवळली. एखादी तरी कच्ची, फिकट राहिली असेल. पण सासूबाईंचा हात फार चांगला होता. सगळ्या बिया सारख्याच सोनेरी झाल्या होत्या.

"काय शोधतेस? करपल्यात का?" सासूबाई जवळ आल्या. सुनेचा चेहरा पाहून त्यांचा आवाज खाली गेला. "अगं, त्याच्या तर नव्हत्या ना?"

तिने गॅस बंद केला.

"काहीतरीच काय, आई. त्याच्या राखेत असतात. या बाजारातल्या भोपळ्याच्या."

"हुश्श! काळजाचं पाणी झालं बाई. वेळेवर पेर हो. तेवढंच तर उरलंय त्याचं."

"हो."

"मग बघत काय बसलीस? खा की! आणि मलाही दे चार. पण सोलून दे हं, माझ्या बोळक्याला टरफल जमायचं नाही."

बिया ताटात ओतून ती जमिनीवर बसली. एकेक बी नखाने उकलून आतला हिरवट गर सासूबाईंच्या तळहातावर ठेवू लागली. सासूबाई तो हिरड्यांनी सावकाश चावायच्या आणि हात पुन्हा पुढे करायच्या.