पायाशी शिंगरू

मी एक जुनी तांबडी घोडी आहे. दूर थंड मुलखातल्या मॅनिटोबाच्या माळावर, ओरेस्ट नावाच्या शेतकऱ्याच्या तबेल्यात माझा सारा जन्म गेला.

मित्रांनो, घोडी म्हटलं की तुम्हाला गाडी आठवेल. माझं काम निराळं होतं. वसंतात दिवस मोठा होऊ लागला की माझ्या अंडाशयात अंडं वाढू लागे. त्याच्याभोवती इस्ट्रोजेन नावाचं द्रव्य तयार होई आणि रक्तातून सगळीकडे फिरे. ते गर्भाशयाचं अस्तर फुगवी, त्याचं तोंड सैल करी, आणि अंडं पिकल्याचं मेंदूला कळवी. मग मी माजावर येई. गाभण राहिले की हे इस्ट्रोजेन इतकं वाढे की लघवीतून बाहेर पडे. हिवाळाभर माणसं ती जमवून कारखान्यात पाठवत. पाळी थांबल्यावर ज्यांना झोप लागत नाही अशा बायकांसाठी तिच्यापासून गोळ्या बनत. तेव्हा माझं केवढं कौतुक होतं!

पुढे गोळ्यांची मागणी घटली. यंदा जी माजावर येणार नाही ती गुरुवारच्या गाडीने खाटकाकडे, असं ओरेस्टने ठरवलं. माझी शेजारीण करडी माजावर नाही असं ठरून पहिल्याच गुरुवारी गेली. तिचं शिंगरू मागे राहिलं.

मग मी माजावर आहे का ते बघायला ओरेस्टने कुंपणापलीकडे घोडा आणून उभा केला. यंदाचं माझं शिंगरू पायाशी उभं होतं. मी कान मागे टाकले आणि लाथ झाडली.

"भाकड झाली म्हातारी," ओरेस्ट म्हणाला. "जाऊ दे गाडीत."

त्याची बायको ल्युबा करडीच्या शिंगराला बादलीतून दूध पाजत होती. "माझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "मला कुठल्या गुरुवारी पाठवतोस?"

"अगं, तुझं काय मध्येच?"

"हिच्याच गोळ्यांनी मला झोप लागली, आणि आता ही भाकड होय? आधी ते पोर बाजूला घे. पोर पायाशी असताना कुठली आई परक्याला जवळ येऊ देईल?"

तिने स्वतःच माझं शिंगरू समोर, मला दिसेल असं बांधलं. घोडा पुन्हा आला. या खेपेला मी शेपूट उचलून शांत उभी राहिले. इस्ट्रोजेनने आपलं काम चोख केलं होतं. माझा जीव तेवढा शिंगरात अडकला होता.

ओरेस्टने टोपी काढून डोकं खाजवलं. "वाचलीस की गं."

"आणि करडी?" ल्युबाने विचारलं. "तिचं शिंगरू बाजूला घेतलं होतंस?"

ओरेस्टने नकारार्थी मान हलवली आणि टोपी पुन्हा डोक्यावर ओढली.

मित्रांनो, घोडी असो की बाई, तिच्या शरीराला उतावीळपणे नावं ठेवू नका. तिच्या पायाशी कोण आहे, ते आधी बघा. करडीचं शिंगरू अजून बादलीतूनच दूध पितं.